मन्सूरचा झेब्रा आणि मामाची बांधी

१४ ऑगस्ट, रात्रीचे साडेअकरा

पाऊस थांबेना आणि झोप येईना, मग मोबाईलवर उस्ताद मन्सूरची चित्रं बघत बसले. जहांगीरच्या दरबारातला चित्रकार. त्याचा १६२१ चा झेब्रा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, मी आपली इथून झूम करकरून बघते. मागे झाडं नाहीत, शिकारी नाहीत, नुसतं जनावर उभं, तोंडाला म्होरकी, आणि पट्टे पायावर खाली खाली येताना कसे बारीक होत जातात ते एकेक काढलेले. हा झेब्रा पहिल्यांदा दरबारात आला तेव्हा लोकांना वाटलं कुणीतरी रंगवून आणलाय, जहांगीरने नीट तपासायला लावलं आणि आत्मचरित्रात लिहून ठेवलं की पट्टे जन्माचेच आहेत.

आणि हाच जहांगीर शिकारीचं वेड असलेला. बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतचा हिशोब काढायला लावला तर एकट्या त्याच्या हातून गेलेले जीव निघाले १७,१६७. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

पण त्याच आत्मचरित्रात सारस पक्ष्यांची जोडी पण आहे. लैला आणि मजनू नावं ठेवलेली. मादी रात्रभर अंड्यांवर बसायची, नर शेजारी पहारा देत उभा, उजाडलं की तो जाऊन चोचीने तिच्या पाठीला टोचायचा, मग ती उठायची आणि तो बसायचा. हे सगळं बादशहाने लक्ष ठेवून लिहिलंय. पुढे नातू शुजा आजारी पडला तेव्हा स्वतःच्या हाताने जीव मारायचा नाही अशी शपथ घेतली, चार-पाच वर्षांनी मोडली पण. मला त्याच्या शपथेपेक्षा ती पहाटेची चोच जास्त खरी वाटते. तेवढा वेळ तरी तो नुसता बघत होता, मन्सूरसारखा.

मन्सूरने पांढरा सायबेरियन क्रौंच पण काढलाय, तो कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. खरे क्रौंच राजस्थानात भरतपूरला हिवाळ्यात यायचे, २००२ नंतर तिथे एकही आला नाही. चित्र आहे, पक्षी येत नाही. आज हे फार लागलं मनाला.

आपल्याकडे सारस उरलाय तो गोंदिया आणि आजूबाजूला, तोही मोजकाच. काही विजेच्या तारांना लागून मरतात, काही औषध मारलेल्या धानावर. तीन वर्षांपूर्वी मामाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सारसाचं घरटं होतं, गवत-काड्यांचा हा एवढा ढीग, चहूकडे पाणी, त्यावर दोन मळकट पांढरी अंडी. मामाने तेवढ्या भागात निंदायला कुणाला जाऊच दिलं नाही. मी म्हटलं मामा, तेवढं धान जाईल ना तुमचं, तर म्हणे जाऊ दे ना बाप्पा, त्यायचं बी घर हाय. आम्ही धुऱ्यावर बसून लांबून बघत होतो, मादी उठली, नर आला, वाकून चोचीने अंडं जरासं फिरवलं आणि मग पाय दुमडून हळूच बसला.

संध्याकाळी मामाला फोन केला. यंदा जोडी दिसली म्हणाला, नाल्याच्या पलीकडे, घरटं अजून नाही. रविवारची गाडी बघते.