जोंगाचे टायर: अडचण टायरची नव्हतीच

मागील नोंदीत माझ्या जोंगाला (जुनी, जीपसारखी लष्करी गाडी) 7.50-16 चे (साडेसात इंच रुंदीचे, 16 इंचांच्या रिमचे), 16 प्लाय रेटिंगचे, म्हणजे जड भार पेलणारे, नायलॉन लग (खोल ठोकळ्यांचे) टायर बसवल्याचे मोठ्या उत्साहाने लिहिले होते. तो उत्साह भुईबावडा घाटाच्या तिसऱ्या वळणापर्यंतच टिकला. स्टीअरिंग डावीकडे पूर्ण वळवताच खरवडल्याचा आवाज आला, म्हणून गाडी कडेला घेऊन खाली वाकून पाहिले. टायरचा आतला खांदा पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) यू-बोल्टला घासत होता आणि ब्रेकच्या रबरी नळीवर नखाने ओरखडावे तसा पांढुरका पट्टा उमटला होता. तेथून पूर्ण लॉक न घेता, म्हणजे स्टीअरिंग शेवटपर्यंत न वळवता, वळणावर दोनदा मागे-पुढे करत घरी आलो.

मोठ्या टायरचा हट्ट मी का धरला, ते आधी सांगतो. मूळचे चार लिटरचे पेट्रोल इंजिन काढून टाटा 407 चे डिझेल बसवल्यापासून गाडी मिनिटाला 2800 फेऱ्यांच्या पुढे न्यावीशी वाटत नाही, आणि मागचा रेशो (शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते तो) मात्र 4.1 हाच आहे. टायरवर आणि फरशीवर खडूची खूण करून एका फेरीत गाडी किती सरकते, ते मोजले. 7.00-16 वर 2.36 मीटर भरले, तर 7.50-16 वर 2.44 मीटर. म्हणजे त्याच फेऱ्यांत ताशी सुमारे 97 ऐवजी 100 किलोमीटर. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण पुणे-बेंगळुरू महामार्गावर तासभर चालवल्यावर कानांना तो चांगलाच जाणवतो.

घासण्याइतकाच त्रास टायरच्या कडकपणाचा झाला. शिरोलीच्या वजनकाट्यावर गाडी दोन माणसे आणि अवजारांसह 2360 किलो भरली, पैकी पुढच्या आसावर 1220. म्हणजे एका चाकावर जेमतेम 610 किलो, आणि टायर त्याच्या दुपटीहून अधिक भार पेलणारा. गगनबावड्याच्या पलीकडे जांभ्याच्या ओल्या चढावर हवा 22 पौंडांपर्यंत उतरवली, तरी साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, फुगलीच नाही आणि चाक दगडाला बिलगण्याऐवजी त्यावरून घसरत राहिले. त्याहून हवा कमी करावी, तर टायर रिमवर सरकून ट्यूबचा वॉल्व्ह उपटण्याची भीती. उद्यमनगरातील पंक्चरवाल्या मामांनी टायरवर थाप मारून एका वाक्यात निकाल दिला, “ह्यो टेम्पोचा टायर हाय, मालक. पोतीबिती टाका मागं, मग बसतोय बघा.” टिकाऊपणा म्हणजे प्लाय, हे माझे समीकरण तेथेच मोडले. मुळात प्लाय रेटिंग हा ताकदीचा दर्जा आहे; आत प्रत्यक्षात तितके थर असतात असे नव्हे, हे ठाऊक असूनही मी आकड्याला भुललो होतो.

पर्याय म्हणून 235/85 आर 16 (235 मिलिमीटर रुंद) हे नायलॉनपेक्षा लवचिक रेडियल टायर ठरवले. व्यास सुमारे 806 मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढाच, आणि 120 या भारांकाला 1400 किलोची क्षमता, जी मला पुरून उरते. जांभ्याच्या धारेपुढे रेडियलची साइडवॉल नायलॉनइतकी निबर नसते, हे मान्य करूनच हा निर्णय घेतला. 265/75 चा मोह आधीच सोडला, कारण त्याला किमान 7 इंच रुंद रिम लागते आणि माझी 6 इंचांची आहे. एका दुकानदाराने ‘ताजा माल’ म्हणून दाखवलेल्या टायरवर 2319 हा शिक्का होता, म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. टायर घेण्यापूर्वी ते चार आकडे वाचाच. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

इथवर लिहून झाल्यावर सहज बेरीज केली आणि हात थांबला. 7.50 चा टायर 8 मिलिमीटर घासतो. 235 चा टायर त्याहून साधारण 20 मिलिमीटर रुंद, म्हणजे आतल्या बाजूला आणखी 10. त्यात 7 मिलिमीटर मोकळी जागा धरली, तर चाक 25 मिलिमीटर बाहेर यायला हवे. नाहीतर टायर कोणताही घेतला तरी स्टीअरिंगची मर्यादा ठरवणारा स्टॉप बोल्ट बाहेर काढून लॉक कमी करावा लागणार, आणि आधीच ट्रकसारखी वळणारी ही गाडी घाटात आणखी अवघड होणार.

चाक बाहेर आणायला लेथवर स्पेसर (हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी जाड चकती) करून घेणे हा सोपा मार्ग होता. स्पेसरने बेअरिंगवर ताण येतो, असे मी पूर्वी ठासून लिहिले होते; ते अर्धवट होते. चाक बाहेर आले की तो ताण रिमच्या ऑफसेटनेही (रिम हबपासून किती आत-बाहेर बसते त्यानेही) तितकाच वाढतो. माझा खरा आक्षेप स्टड आणि नटांचा आणखी एक सांधा वाढण्याला आहे. जुन्या रिमची तबकडी कापून बाहेर वेल्ड करून देणारेही इथे आहेत, परंतु रिंगच्या (टायर सुट्या कडीने अडवणाऱ्या) रिमवर वेल्डिंग करून त्यात हवा भरण्याचे धाडस माझ्याच्याने होणार नाही.

म्हणून टायरची खरेदी थांबवली आहे. रिंग नसलेल्या, साडेसहा इंचांच्या अखंड रिम योग्य ऑफसेटच्या मिळाल्या, तर घासणे, रुंदी आणि ट्यूब या तिन्ही कटकटी एकदम सुटतात. स्टीअरिंग थोडे जड होईल, ते सोसू. रविवारी हबचा व्यास व्हर्नियरने मोजणार आहे आणि आधी एकच रिम आणून, पुढचा पाटा जॅकने पूर्ण दाबून, दोन्हीकडे लॉक करून पाहणार आहे. ब्रेकची नळी बदलून झाली. लग टायर मार्केट यार्डातील एक टेम्पोवाला बघून गेला आहे; त्याने सांगितलेला भाव ऐकून चहा कडू लागला, तरी बहुधा देऊन टाकीन.