तलवार केलीत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नाही, तलवार अजून केलेली नाही.

घरामागे भट्टी लावून मी लोखंड ठोकतो हे ज्याला कळतं, तो पहिल्यांदा हेच विचारतो. ऑफिसखालच्या चहाच्या गाड्यावर, लग्नात पंगतीला, सलूनमध्ये मान खाली घातलेली असताना. कोल्हापुरात दुसरं काय विचारणार म्हणा. मिरवणुकीत दांडपट्टा फिरताना बघत आपण वाढलो. लोखंड तापवलं म्हणजे त्याची तलवारच व्हायला पाहिजे. शेजारचे काका तर दर रविवारी कुंपणावरून हाक घालतात, "काय मालक, तलवार कुठवर आली?"

आधी कायद्याचं सांगून टाकतो. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत तलवारी तर आहेतच, शिवाय ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरेही येतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे विळा, कोयता, खुरपं बिनघोर करा. हौस म्हणून तलवार ठोकायला बसू नका.

पण खरं कारण कायदा नाही. खरं कारण हे की एक धड खुरपं करायला मला दीड वर्ष लागलं.

मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत हिशेब बघतो. सोळा वर्षं झाली. रोज किती टन बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतलं, किती रिजेक्ट झालं, कोकचं बिल किती, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. तापलेल्या लोखंडाशी माझा संबंध एवढाच, कागदावरचा. मग एकदा गावाकडे जाताना रस्त्याकडेला घिसाड्याचं, म्हणजे भटक्या लोहाराचं, पाल दिसलं. बाई घण मारत होती, बाप्या सांडशीत विळा धरून बसला होता. गाडी लावली आणि अर्धा तास बघत उभा राहिलो. त्या बाईचा एकही घाव वाया जात नव्हता. घरी आलो तो डोक्यात तेच.

शेड पाचगावात, घरामागे, आठ बाय दहा फुटांची, पत्र्याची. भट्टी ट्रकच्या जुन्या ब्रेक ड्रमची: खालून पाइप, पाइपला ब्लोअर, ब्लोअरला पंख्याचा रेग्युलेटर. दगडी कोळसा दोनदाच जाळला. शेजारच्या वाळत घातलेल्या साड्यांवर काजळी बसली आणि काकूंनी जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हापासून लोणारी, लाकडाचा कोळसा. ऐरण म्हणजे उद्यमनगरातल्या भंगारवाल्याकडून किलोवर घेतलेला ४२ किलोंचा ठोकळा, कुठल्यातरी फोर्जिंग हॅमरचा झिजलेला डाय. खाली बाभळीचा ओंडका. उंची अशी की ताठ उभं राहून हात सोडला की मुठीची पेरं ठोकळ्याला टेकली पाहिजेत. जास्त उंच झाली तर खांदा जातो, जास्त खाली गेली तर कंबर. माझी आधी कंबर गेली.

ठोकळा घेताना तो बिडाचा तर नाही ना हे बघून घ्या. हातोडी वरून हलकी सोडा. पोलाद असेल तर ती उसळून वर येते आणि आवाज खणखणीत येतो. बिडावर बद्द वाजतं.

बिडाची आठवण निघालीच आहे तर माझी पहिली फजिती सांगतो. फाउंड्रीत वावरणारा माणूस, फुकटचं लोखंड हाताशी. साहेबांना विचारून रिजेक्ट कास्टिंगचा एक तुकडा घरी आणला, लालबुंद केला आणि मोठ्या दिमाखात हातोडा घातला. त्याचे तीन तुकडे झाले, एक माझ्या बुटावर पडला. बिडात कार्बन साधारण दोन ते चार टक्के. ते ओतावं, ठोकू नये. साध्या एम.एस.च्या (माइल्ड स्टीलच्या) सळीत पाव टक्क्याच्या आतबाहेर कार्बन असतो, म्हणून ती गरम असताना कणकेसारखी वळते. पण तिला धार टिकत नाही. धारेसाठी मधलं काहीतरी लागतं. ते आपल्याकडे स्वस्तात कुठे मिळतं, तर ट्रकच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्यात. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर. सोळा वर्षं बिडाचे हिशेब लिहिले आणि हे समजायला बुटावर तुकडा पडावा लागला.

त्यानंतर गुरू शोधला. आंबेवाडी-चिखलीच्या बाजूला एक लोहार आहेत, त्यांना सगळे मामाच म्हणतात. २०१९च्या महापुरात त्यांचं छप्पर गेलं, भाता गेला. ऐरण तेवढी जागेवर होती, गाळात गळ्यापर्यंत. पहिल्या दिवशी मी सांगितलं, मला शिकायचंय, छंद म्हणून. मामांनी हातातला फाळ खाली ठेवला.

"छंद म्हंजी? ह्येचा?"

मामी आतून हसल्या. मामा हसले नाहीत. "बसा तितं," म्हणाले, आणि दोन तास माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यांच्या भट्टीच्या दक्षिणेला कायम एक ओलं पोतं टांगलेलं असतं. मला वाटायचं उन्हासाठी. उन्हासाठीच, पण अंगाला लागू नये म्हणून नव्हे. उजेडात लोखंडाचा रंग कळत नाही. सावलीत जे जास्वंदीसारखं लाल दिसतं ते उन्हात काळं दिसतं, आणि माणूस तापवतच राहतो. माझ्या शेडला मी हौसेनं पारदर्शक पत्रा घातला होता. दुसऱ्या दिवशी तो काढला.

मला आकडे पाठ होते. लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटायचं थांबतं, पाणी द्यायचं, म्हणजे पाण्यात बुडवून कडक करायचं, ते त्याच्या थोडं वर. वहीत तक्ता काढलेला. एकदा तारेला स्पीकरचं चुंबक बांधून घेऊन गेलो. मामा पातं फिरवत बसले होते. "न्हाई... न्हाई... आत्ता." मी चटकन चुंबक लावलं. चिकटलं नाही. पुढच्या पात्याला मुद्दाम त्यांच्या 'आत्ता'च्या आधी लावलं, तर चिकटलं. तीन पाती अशी बघितली. मामा माझ्याकडे बघत म्हणाले, "पटलं का चुंबकाला?"

आमच्याकडे गुऱ्हाळावर गुळव्या असाच असतो. काहिलीतल्या फेसाकडे बघून, पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी चेपून तो ठरवतो, आता उतरवा. थर्मामीटर दिला तरी तो खिशात ठेवील.

पाणी देणं मी मामांकडे पहिल्यांदा नीट बघितलं तो प्रकार असा. पातं लाल झालं. त्यांनी ते सगळं बुडवलं नाही. फक्त धारेकडचा दोन बोटांएवढा भाग पाण्याच्या दगडी डोणीत घातला. चर्र झालं, वाफ आली, पातं बाहेर. धार काळी, पाठ अजून लाल. लगेच विटेच्या तुकड्यावर धार खसाखसा घासली, तेव्हा राखाडी कातडं जाऊन आत पांढरी, चकचकीत पट्टी निघाली. आणि मग त्या पट्टीवर रंग चालायला लागला. पाठीत राहिलेली उष्णता धारेकडे सरकते, तिच्यासोबत रंगही सरकतो: आधी फिका पिवळा, मग गव्हाळ, मग तांबूस, त्यामागून जांभळा. कुणी पुसट रंगाचा ब्रश हळूहळू ओढत न्यावा तसा. जांभळा धारेच्या काठाला टेकला आणि मामांनी पातं पूर्ण पाण्यात टाकलं. सगळं मिळून दहा-बारा सेकंद.

पहिल्या बुडीनं धार कडक होते, पण काचेसारखी. नंतर मागून आलेल्या उष्णतेनं तिचा काचपणा उतरतो. रंग म्हणजे तापलेल्या पोलादावर चढणारा ऑक्साइडचा, गंजाच्या भावकीतला, अगदी पातळ पापुद्रा. २२० अंशांच्या आसपास पिवळा, ३००च्या जवळ निळा. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबावं. खुरपं दगडावर आपटणार, त्याला जांभळा बरा. पिवळ्यावर थांबवलेलं खुरपं पहिल्याच खड्यावर दात टाकतं.

हे सगळं बघून, वहीत उतरवून घरी आलो आणि माझं पहिलं खुरपं सगळंच्या सगळं पाण्यात बुडवलं. का? घाबरलो. रंग निसटेल असं वाटलं. टिण्ण असा बारीक आवाज आला. चीर कुठे दिसेना. ऐरणीच्या काठावर जरा दाबलं तर दोन तुकडे. तुटलेली जागा जुनी ढेप फोडल्यावर दिसते तशी रवाळ, चमचमती. म्हणजे पाण्यात घालण्याआधीच मी ते नको इतकं तापवलं होतं. जास्त तापलं की पोलादाचा दाणा फुगतो आणि जोर जातो. चांगल्या पाण्याचं पातं मोडलं तर आत मऊ राखाडी दिसतं, दाणे डोळ्यांना दिसत नाहीत. असे चौदा तुकडे शेडमध्ये टांगून ठेवलेत. काका म्हणतात, तलवारीचे नमुने काय?

काही जण पुढचंही विचारतात, आम्हाला करायचं असेल तर? करा. सुती कपडे घाला, चष्मा लावा, चपलेवर उभे राहू नका. गॅल्व्हनाइज्ड पाइप भट्टीत घालू नका. त्याच्या जस्ताचा पांढरा धूर नाकात गेला आणि त्या रात्री मला हुडहुडी भरून असा ताप चढला की घरच्यांना डेंगी वाटला. आणि जमिनीवर पडलेलं काळं लोखंड कधी उचलू नका. लाल झालेल्याला कुणी हात लावत नाही, भाजतं ते काळं पडलेलं. उचलण्याआधी उलटा तळहात वरून धरून बघायचा.

खर्च विचारलात तर ब्लोअर, ठोकळा, दोन हातोडे, सांडश्या मिळून नऊ हजारांत बसलं. सांडश्या विकत घेतल्या तो मूर्खपणा, त्या आपणच ठोकायच्या असतात.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. पूर्वी मामांच्या वडलांना बलुतं मिळायचं, सुगीला धान्य. आता फाळ शेवटून दिला, म्हणजे झिजलेलं टोक ठोकून नीट करून दिलं, की रोख, आणि ती रोखही कमीच, कारण लक्ष्मीपुरीत तयार खुरपं मिळतं त्याच्याहून जास्त पैसे कोण देणार? मामांचा मुलगा कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर आहे, भात्याकडे फिरकत नाही, आणि त्याचं काही चुकतही नाही. मी मात्र पगार घेऊन रविवारी चौदा खुरपी मोडू शकतो. मामांचं एक मोडलं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून त्यांच्यासमोर 'छंद' हा शब्द मी पुन्हा काढला नाही. शनिवारी दुपारी जातो, मामींचा खांदा दुखत असतो तेव्हा घण मी मारतो. मामा छोट्या हातोडीनं टिचकी मारतात, जिथे टिचकी तिथे माझा घाव. हातोडी ऐरणीवर आडवी वाजली की थांबायचं. आधी दर तिसरा घाव चुकायचा. आता दहावा चुकतो.

गेल्या वैशाखात पंधरावं खुरपं जमलं. रंग चालताना बघितला, जांभळा काठाला टेकला, बुडवलं, आवाज आला नाही. सागवानाचा तुकडा तासून, पॉलिश करून मूठ बसवली आणि मामांकडे घेऊन गेलो. त्यांनी नखानं धार वाजवून बघितली, कानाशी धरली, पाठीवरनं अंगठा फिरवला, आणि काही न बोलता मामींकडे दिलं. मामी परसातल्या वांग्यांच्या वाफ्यात जाऊन बसल्या. दोन सऱ्या भांगलून झाल्यावर मध्ये एकदा खण्णकन दगडावर बसलं. माझा श्वास अडकला. मामींनी पातं पदराला पुसून बघितलं आणि परत भांगलायला लागल्या.

मामांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "मूठ कशाची घातलीस?"

"सागवान, मामा."

"ती काढ अन् कपाटाला लाव. ह्येला बाभळीची घाल."