पगारातून कापलेलं हेलिकॉप्टर

बाबा इकडे ऑस्ट्रेलियात न्यूकासलला आले होते तेव्हा पहिल्या आठवड्यातच त्यांच्या लक्षात आलं, की घरावरून सारखं एक लाल हेलिकॉप्टर जातं. आमचं घर जॉन हंटर हॉस्पिटलपासून जवळ आहे, आणि तिथे हेलिपॅड आहे. मला इतक्या वर्षांत त्या आवाजाची सवय झालीय, पण बाबा चहाचा कप हातात तसाच धरून गॅलरीत जायचे आणि ते उतरेपर्यंत बघत राहायचे. एकदा म्हणाले, "मिलिटरीचं हाय का गं?"

म्हटलं नाही, लोकांचं आहे. "लोकांचं म्हणजे?"

मग मी नवऱ्याची पेस्लिप दाखवली. तो हंटर व्हॅलीतल्या कोळसा खाणीत कामाला आहे, आणि दर पगारातून थोडे डॉलर रेस्क्यू हेलिकॉप्टरसाठी कापले जातात. सक्ती काही नाही, ज्याला द्यायचे त्याने फॉर्म भरायचा. पण इथले खाणकामगार वर्षानुवर्षं हे करत आलेत. बाबांना लगेच समजलं, वारणेकाठचा ऊस घालणारा माणूस तो. "म्हंजी उसाच्या बिलातनं कपात होती तसंच की."

सुरुवात कशी झाली ते मला खूप आवडतं. 1973 मध्ये सिडनीत सर्फ लाइफसेव्हर लोकांनी, म्हणजे समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या बीचवरच्या मंडळींनी, एका बँकेच्या मदतीने हेलिकॉप्टर सुरू केलं. तेव्हा त्या बँकेचं नाव बँक ऑफ न्यू साउथ वेल्स होतं, 1982 मध्ये ती वेस्टपॅक झाली आणि हेलिकॉप्टरचं नावही तेच पडलं. न्यूकासलची सेवा 1975 ची. त्याच्या आदल्याच वर्षी, मे 1974 च्या वादळात, सिग्ना नावाचं नॉर्वेचं जहाज इथल्या स्टॉकटन बीचवर येऊन रुतलं होतं आणि त्यावरची माणसं एअरफोर्सच्या हेलिकॉप्टरने काढली होती, त्यामुळे या गावाला हेलिकॉप्टर काय करू शकतं हे कुणी शिकवायची गरज नव्हती. आधी काम समुद्रकिनाऱ्याचं, मग हळूहळू रस्त्यावरचे अपघात, शेतावर ट्रॅक्टरखाली सापडलेली माणसं, छोट्या गावातल्या दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलात न्यायचे पेशंट असं सगळंच आलं.

आता न्यूकासल, टॅमवर्थ आणि लिस्मोर असे 3 बेस आहेत. टॅमवर्थहून न्यूकासल रस्त्याने जवळपास 280 किलोमीटर, साडेतीन तास तरी लागतात. हेलिकॉप्टरला तासभर. आणि नुसतं पोचवायचं नसतं, डॉक्टर आणि पॅरामेडिक आतच असतात, म्हणजे उपचार पेशंटजवळ पोचल्या क्षणी सुरू होतात. सरकारचं कंत्राट आणि पैसा आहेच, पण लोकांची वर्गणी थांबलेली नाही. आणि ज्याला वाचवलं त्याला आजवर कधीच बिल लावलेलं नाही, एकालाही नाही.

हे सांगितल्यावर बाबा बराच वेळ बोलले नाहीत. आईला अ‍ॅटॅक आला तेव्हा रात्री जीपमधून कोल्हापूरला नेत होते, ती वाटेतच गेली. तो रस्ता आम्ही दोघंही विसरलेलो नाही, फक्त त्यावर बोलत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही नॉबीज बीचला गेलो. तिथे मी त्यांना पाशा बल्कर नावाच्या जहाजाची गोष्ट सांगितली, इथल्या प्रत्येक माणसाला ती पाठ आहे. 8 जून 2007, लाँग वीकएंडचा शुक्रवार. कोळसा भरून न्यायला बंदराबाहेर 50 च्या वर जहाजं रांगेत थांबलेली, वादळ येतंय म्हणून खोल समुद्रात जा असं सांगितलेलं, बरीचशी गेली. हे 225 मीटर लांबीचं जहाज मात्र सकाळी थेट या बीचवर येऊन चढलं. लाटा डेकवर येत होत्या, वारा असा की माणूस उभा राहू शकत नाही, आणि त्या वाऱ्यात हेलिकॉप्टर जहाजावर स्थिर धरून खाली दोर सोडायचा, एकेकाला वर घ्यायचं, किनाऱ्यावर सोडायचं, परत जायचं. 22 जण होते. 22 च्या 22 सुखरूप आले. जहाज सोडवायला 2 जुलै उजाडला, पण माणसं त्याच दिवशी बाहेर होती. ज्या हेलिकॉप्टरने त्यांना काढलं त्यात खाणीतल्या माणसांच्या पगाराचे पैसे होते, आणि ते जहाजही त्याच खाणींचा कोळसा न्यायला आलेलं, हे मला दर वेळी सांगताना भरून येतं.

बाबांनी मोजल्यासारखं विचारलं, "बावीस? सगळे?"

परत येताना दुकानाबाहेर सॉसेज सिझलचा, म्हणजे ब्रेडमध्ये भाजलेलं सॉसेज घालून विकायचा, स्टॉल होता, हेलिकॉप्टरसाठीच पैसे जमवत होते. बाबांनी खिशातून 20 डॉलरची नोट काढली, माझ्याकडून विचारून घेतलं पावती मिळते का, आणि ती आईच्या नावाने फाडायला सांगितली.