कपाट वाचायचं काम

शाळा काही दिवस प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी पाठवणार म्हटल्यावर मी ग्रंथालय निवडलं. कारण उघड होतं: दिवसभर वाचायला मिळेल. कसलं काय! ग्रंथपाल मॅडमनी मला विज्ञानाच्या कपाटापाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "हे कपाट वाचून काढ. पुस्तकं नाही हं, नुसते आकडे."

प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर वर्गांकाचं, म्हणजे विषयाच्या आकड्याचं, लेबल असतं; पुस्तकं त्या क्रमाने लागली आहेत का, ते बघायचं. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली ही पद्धत आणली. ५०० म्हणजे विज्ञान, ५९८ म्हणजे पक्षी, आणि पुढे दशांश. खरी गोम त्या दशांशात. पक्षीनिरीक्षण ५९८.०७२३४ आणि घुबडं ५९८.९७. आकडा लांबलचक दिसला की मोठा वाटतो आणि पुस्तक उजवीकडे सरकवलं जातं. पण टिंबानंतर शून्य आहे ना, म्हणून पक्षीनिरीक्षण आधी, घुबडं नंतर. वर्गांक सारखाच निघाला, तर खालची लेखकाच्या आडनावाची अक्षरं बघायची. हे सगळं मान तिरकी करून. संध्याकाळी मान किती दुखते, ते आधी कोणी सांगत नाही.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं मी विचारलंच. मॅडमनी संगणकावर एक पुस्तक दाखवलं. नोंद 'उपलब्ध', पण वाचक मागून मागून थकले होते. कोणी घरी नेलेलं नाही, चोरीला गेलेलं नाही, असणार याच इमारतीत. तरी नसल्यातच जमा. ते मला सापडलं, दोन जाडजूड कोशांच्या मागे ढकललेलं. मी आनंदाने ओरडले आणि वाचनकक्षातल्या सगळ्या माना वळल्या.

गंमत म्हणजे पुस्तकांच्या जागा चुकवणारे बहुतेक लोक सज्जन असतात. वाचून झालं की मदत म्हणून स्वतःच कपाटात ठेवतात, अंदाजाने. म्हणून टेबलावर पाटी असते: 'वाचलेली पुस्तकं इथेच ठेवा.' तिचं आणखी एक कारण मॅडमनी सांगितलं, ते मला जास्त पटलं. टेबलावरची पुस्तकं उचलताना त्या मोजतात. घरी नेलेल्या पुस्तकाची नोंद आपोआप होते, बसून वाचलेल्याची होत नाही. कोणी नीटनेटकेपणाने परत ठेवलेलं पुस्तक कागदोपत्री न उघडलेलंच राहतं, आणि जागा कमी पडून जुनी पुस्तकं काढायची वेळ आली की पहिली नजर अशांवरच जाते.