आमची वाटचाल : आधी वैरण, मग गाय

आमचा गोठा मोहोळ तालुक्यात, सीना नदीपासून जवळ. आठ संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी, सहा पंढरपुरी म्हशी आणि त्यांच्या कालवडी-पारड्या, एवढाच पसारा. गायींचं दूध डेअरीला जातं, म्हशींचं सोलापुरात रतिबाला. सुरुवात गायींवर झाली, म्हशी मागाहून आल्या. नव्यानं गोठा घालणाऱ्याला आम्ही एकच सांगतो: आधी वर्षाची वैरण बघा, मग दावणीला गाय बांधा. दुधाचा दर आपल्या हातात नाही, वैरणीचा बराचसा आहे.

एका गायीचा रोजचा हिशोब मांडून बघा. गाय ४५० किलो वजनाची, दूध १४ लिटर. शरीरपोषणाला दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, म्हणजे साधारण ७ किलो पेंड. ३२ रुपये किलोनं २२४ रुपये. मुरघास, म्हणजे हवाबंद खड्ड्यात आंबवलेला हिरवा मका, १५ किलो, ६ रुपयांनी ९०. कडबा कुट्टी, म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं बारीक कापून, ४ किलो, ८ रुपयांनी ३२. मिनरल मिक्श्चरचे ८. एकूण ३५४. दुधाला ३२ रुपये धरले तर ४४८ येतात. उरले ९४, आणि त्यातच मजुरी, वीज, औषधं, कृत्रिम रेतन. हे दर हिशोबापुरते धरलेत, आपापल्या गावचे घालून बघावेत. पेंड महाग आणि दूध स्वस्त झालं की हे ९४ आठवडाभरात दिसेनासे होतात.

म्हणून कडबा फेब्रुवारी-मार्चमध्येच भरायचा. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी निघते तेव्हा शंभर पेंढ्यांचा भाव सगळ्यात खाली असतो. मे महिन्यात तोच कडबा मागाल ती किंमत मोजून घ्यावा लागतो. गंज दगडांवर किंवा लाकडांवर रचायची, खालून ओल लागली तर तळाच्या पेंढ्या काळ्या पडतात. कारखाने सुरू झाले की उसाचं वाढं (शेंड्याकडचा हिरवा पाला) मुबलक मिळतं, मात्र त्यावर भागवू नये. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं, मग गायी उलटतात, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नाहीत, आणि व्यायल्यावर आडव्या पडतात. वाढं द्यायचंच असेल तर कुट्टी करून, कडब्यात मिसळून, वर चुन्याची निवळी शिंपडून.

मुरघासाची खरी परीक्षा खड्डा भरताना होते. मका दाणा चिकात भरल्यावर कापायचा, आधी नाही आणि वाळल्यावर तर नाहीच. कुट्टी अर्धा ते पाऊण इंच. मुठीत घट्ट दाबून सोडावी: बोटांतून पाणी गळलं तर ओली, गोळा लगेच विस्कटला तर कोरडी, गोळा सावकाश उलगडला तर बरोबर. ओली असेल तर कापलेला मका काही तास सुकू द्यावा. अर्ध्या फुटाचा थर टाकून वरून ट्रॅक्टर फिरवायचा. कडेला ट्रॅक्टर पोहोचत नाही, तिथं पायानं तुडवावं लागतं, आणि नेमकी तिथंच बुरशी धरते. घनमीटरला साधारण ५०० किलो मुरघास बसतो. आठ गायींना वर्षाचा ४४ टन, म्हणजे ८८ घनमीटर जागा, आणि एकरी १५ टन धरला तर तीन एकर मका. खड्ड्यावर झाकलेला प्लास्टिकचा कागद ४५ दिवस उघडायचा नाही. उघडल्यावर पूर्ण रुंदीचा अर्धा फूट थर रोज काढायचा. एकाच कोपऱ्यात उकरत बसलं की हवा शिरते. वास ताकासारखा आंबूस यावा. कुजका, नाकाला झोंबणारा आला तर तो भाग बेलाशक उकिरड्यावर टाकावा, गाभण गायीला तर अजिबात घालू नये.

डेअरीत गायीच्या दुधाला ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून दर असतो, खाली गेलं की कपात. फॅट पडली की लोक पेंड वाढवतात, आणि ती आणखी पडते. रवंथ व्हायला कोरडी वैरण लागते, ती कमी झाली की फॅट उतरते. शेवटच्या धारांत फॅट जास्त असते, त्यामुळे कास अर्धवट सोडली तर नुकसान दुहेरी: फॅट जाते आणि कासदाहाला (कास सुजण्याच्या रोगाला) आमंत्रण. धारा पहाटे ५ आणि संध्याकाळी ५. धार संपल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, म्हणून सड औषधात बुडवून लगेच गव्हाणीत वैरण टाकायची, म्हणजे गाय बसत नाही.

भाकड दिवस, म्हणजे गाय दूध देत नाही ते दिवस, हा खरा खड्डा. माज दर २१ दिवसांनी येतो. एक हुकला आणि भाकड गायीचा खर्च रोज १५० धरला, तरी ३,१५० रुपये गेले. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला की माज मुका होतो, म्हणजे बाहेरून लक्षणं दिसत नाहीत. तेव्हा पहाटे आणि रात्री गोठ्यात फेरी मारून सोट (माजावरच्या गायीचा चिकट स्राव) बघावी लागते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. उन्हाळ्यात वैरणीचा मोठा वाटा रात्री द्यायचा, पाणी दिवसभर समोर. फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे) लावले तर पंखाही हवाच. वारा नसेल तर गोठा नुसता दमट होतो आणि गायी जास्तच धापतात.

पंढरपुरी म्हैस दूध कमी देते, पण कडब्यावर भागवते आणि ऊन सोसते. तिची शिंगं लांबलचक, गायींच्या हेडलॉकमध्ये (मान अडकवायच्या लोखंडी चौकटीत) अडकतात, म्हणून तिला उघड्या गव्हाणीवरच बांधावं आणि दोन म्हशींत अंतर जास्त ठेवावं.

पैशाचा मेळ वेगळा. डेअरीचं बिल दहा दिवसांनी, रतिबाचे पैसे महिन्याला, आणि कडब्याचा खर्च वर्षातून एकदाच. दर बिलातून कडब्याचा वाटा बाजूला काढला नाही तर डेअरीकडून पेंड उचलीवर (पुढच्या बिलातून कापून देण्याच्या बोलीवर) घ्यावी लागते, आणि एकदा उचल झाली की दूध दुसरीकडं घालता येत नाही. शेणखत डाळिंबवाल्यांना जातं. बहार धरण्याआधी, म्हणजे झाडं फुलोऱ्यावर आणण्याआधी, त्यांना चांगलं कुजलेलं खत लागतं, तेव्हाच भाव बरा असतो.

यंदा दोन कालवडी फळवायच्या (गाभण करायच्या) आहेत. वयापेक्षा वजन बघतो, २५० किलोच्या आत रेतन करत नाही. त्या व्यायल्या की जुन्या दोन गायी सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात जातील, पण गाभण करूनच. भाकड गायीला तिथं कुणी नीट भाव विचारत नाही.