बागेतल्या रेल्वेचं कुंपण आणि नागपूरची काळी माती

बागेतल्या मॉडेल रेल्वेच्या कुंपणाबद्दल जिथे वाचाल तिथे खांबांचा विषय एका वाक्यात संपवलेला असतो: टोक काढा आणि मातीत इंचभर खोचा. बाकीची पानंच्या पानं रंगावर आणि जुनाट दिसण्यावर. हे वाक्य मला अजूनही खुपतं, कारण नागपूरच्या काळ्या मातीत ते एक पावसाळाही टिकत नाही.

आधी मापं उरकतो. रूळ 45 मिमी गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), प्रमाण 1:22.5. खरं 1.2 मीटर उंचीचं कुंपण इथे 53 मिमी होतं. खांबांमधलं अंतर 100 मिमी, म्हणजे प्रत्यक्षातले सव्वादोन मीटर. खांब 6 मिमी चौरस, आडव्या पट्ट्या 4 × 1.5 मिमी. सातपुड्याची 762 मिमी नॅरोगेज याच रुळावर करायची असेल तर प्रमाण साधारण 1:17 येतं आणि तेच कुंपण 71 मिमी उंच लागतं. दोन प्रमाणं एकत्र आली की डब्याच्या दारापेक्षा कुंपण आधी खोटं दिसतं. लाकूड सागवानच घ्या, लकडगंजातल्या लाकडाच्या बाजारात चौकटीचे उरलेले तुकडे मिळतात. आइस्क्रीमच्या काड्या पहिल्याच पावसात वाकतात.

आता माती. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, जुलैत त्याच भेगा मिटतात. हे सगळीकडे सारखं झालं असतं तरी चाललं असतं. पण कुंपणाच्या एका बाजूला रोज पाणी घातलेली हिरवळ असते आणि दुसऱ्या बाजूला कोरडी गिट्टी, त्यामुळे खांब एका अंगाला कलतो, आणि शेजारचा खांब दुसऱ्याच अंगाला. प्रत्येक खांबाला सिमेंटचा छोटा ठोकळा हा उपाय लोक हमखास सुचवतात. तो निरुपयोगी आहे. ठोकळाही मातीवरच बसलेला असतो, तो खांबासकट कलतो आणि पुन्हा सरळ करायला खणावा लागतो. शिवाय लाकूड मातीत गेलं की वाळवी आलीच.

जमिनीची हालचाल थांबवता येत नाही. सगळे खांब एकत्र हलतील एवढं मात्र करता येतं. त्यासाठी 20 × 3 मिमी अॅल्युमिनियमची पट्टी घ्या, 600 मिमीचे तुकडे करा. दर 100 मिमीवर भोक पाडून खालून स्टीलचा न गंजणारा 2 मिमी जाडीचा स्क्रू खांबात घाला, सोबत एपॉक्सी गोंद. खांबात आधी दीड मिमीचं भोक हवंच, नाहीतर सागवान चिरतं. स्क्रूचं डोकं पट्टीत बुडेल असं भोकाचं तोंड रुंद करा. दोन तुकड्यांमध्ये 3 मिमी फट ठेवा. 40 अंशांच्या फरकाने मीटरभर अॅल्युमिनियम जवळपास 1 मिमी वाढतं.

पट्टीखाली 100 मिमी रुंद, 150 मिमी खोल चर खणा. तळाला 100 मिमी मुरूम, दोन थरांत, पाणी मारून ठोकलेला. त्यावर बारीक गिट्टी. मुरूम काळ्या मातीसारखा फुगत नाही; घराच्या जोत्याखाली तो भरतात ते याच कारणाने. पट्टी गिट्टीवर नुसती ठेवायची, कशालाही जखडायची नाही, वरून 10 मिमी दगडाची चुरी पसरायची. चराला एका टोकाकडे उतार हवा, नाहीतर मुरमात पाणी साचतं. हे काम नोव्हेंबर-डिसेंबरात करा; तेव्हा माती पुरती फुगलेलीही नसते आणि फाटलेलीही नसते. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, जिथे पट्टी खचली असेल तिथे खाली चिमूटभर गिट्टी सरकवली की कुंपण पुन्हा ओळीत येतं.

फाटकाचे दोन्ही खांब मात्र एकाच अखंड पट्टीवर हवेत आणि ती पट्टी रस्त्याच्या खालून जायला हवी. वेगळ्या तुकड्यांवर असले तर पावसाळ्यात फाटक अडकतं आणि उन्हाळ्यात कडी पोचत नाही. फाटकाचं पान झुकू नये म्हणून तिरपी लाकडी पट्टी बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यातून कडीच्या वरच्या कोपऱ्याकडे न्या. तार वापरली तर नेमकी उलट दिशा. बिजागरीला 1.5 मिमी पितळी सळई चालते, पण ती थेट अॅल्युमिनियमच्या भोकात बसवू नका. पाणी लागलं की अॅल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी धरते आणि सळई जाम होते. मध्ये विजेच्या वायरचं प्लास्टिक आवरण घाला.

एक गोष्ट वर राहिली: चर खणण्याआधी सगळ्यात लांब डबा वळणावरून हाताने फिरवा. त्याची टोकं बाहेरच्या अंगाला आणि पोट आतल्या अंगाला किती येतं ते खुणावून आणखी 15 मिमी सोडा.

तारेच्या कुंपणाला मोटर वाइंडिंगची 30 गेज जाडीची तांब्याची तार घ्या, ती 0.3 मिमी भरते. कूलरच्या मोटरी भरणाऱ्याकडे सहज मिळते. दर तुकड्याच्या शेवटी ती बांधून टाका, फटीवरून पुढे ओढू नका. उरलेल्या रुळाचे खांब करण्याचा मोह टाळा: कोड 332 चा (कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात उंची) रूळ 8.4 मिमी उंच, म्हणजे या प्रमाणात 190 मिमी, आणि ब्रॉडगेजचा मीटरला 60 किलो भरणारा रूळसुद्धा 172 मिमीच असतो. लाकडाला रंग नको, जवसाचं तेल दोन हात, खांबाच्या बुडाला तीन.