तिसऱ्या टप्प्यातले ७८ सेकंद

कोयनेच्या शिवसागर जलाशयात, बामणोलीजवळ, मार्चमध्ये आम्ही चार फायबर बोटींची वेळेच्या अंदाजाची स्पर्धा घेतली. या खेळात सगळ्यात जोरात जाणारा जिंकत नाही. प्रत्येक टप्प्याला किती मिनिटं-सेकंद लागतील हे चालकाने निघण्याआधीच लिहून द्यायचं आणि मग घड्याळ, मोबाइल, जीपीएस, वेगमापक यातलं काहीही न बघता तो मार्ग पार करायचा. त्याच्यासमोर होकायंत्र, नकाशा आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा, एवढंच. अमेरिकेत हौशी बोटवाले हाच प्रकार ‘प्रेडिक्टेड लॉग’ या नावाने कित्येक दशकं खेळत आले आहेत. घड्याळ असतं निरीक्षकाकडे. टप्प्याच्या शेवटाची खूण बोटीच्या बरोबर काटकोनात आली की चालक ‘आली’ म्हणतो, निरीक्षक वेळ टिपतो आणि स्वतःजवळच ठेवतो. पहिल्या बोटीवर ते काम माझ्याकडे होतं.

खरी मेहनत आदल्या दिवशीची. काठावर ५०० मीटरचं अंतर टेपने मोजून दोन्ही टोकांना काठ्या रोवल्या आणि मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर बोट जाता-येता चालवली. जाताना ३ मिनिटं ६ सेकंद, येताना वाऱ्याला तोंड देत ३ मिनिटं ३६ सेकंद. इथे नवखे हमखास चुकतात, ते दोन वेळांची सरासरी काढतात. सरासरी वेगांची काढायची. जाताना ताशी ९.६८ किलोमीटर, येताना ८.३३, म्हणजे सरासरी ९. वेळांची सरासरी घेतली तर वेग ८.९५ येतो आणि ९ किलोमीटरच्या मार्गावर तेवढ्यानेच २० सेकंदांचा फरक पडतो. चाचणीला जितकी माणसं आणि जितकं इंधन, तितकंच स्पर्धेला हवं. फेऱ्या वाढवून बोटीचं नाक उचलू लागतं पण ती अजून वर येऊन पाण्यावरून घसरत धावत नाही, त्या मधल्या वेगात तर एका माणसाच्या वजनानेही हिशेब बिघडतो. म्हणून संथ वेग निवडला.

मार्ग चार टप्प्यांचा होता: १.८, २.७, २.१ आणि २.४ किलोमीटर. तीन वळणांसाठी प्रत्येकी ५ सेकंद धरून आमच्या चालकाने लिहिलं १२:००, १८:०५, १४:०५, १६:०५. एकूण ६० मिनिटं १५ सेकंद.

सकाळी सातला निघालो. पाणी आरशासारखं होतं. पहिला टप्पा ११:५२ ला संपला, दुसरा १८:११ ला. फार सुंदर चाललं होतं. तिसऱ्याला लागले १५ मिनिटं २३ सेकंद. ७८ सेकंद उशीर! चालकाला मी काही बोललो नाही, पण आकडा लिहिताना मलाच वाटलं की घड्याळ बघण्यात आपली चूक झाली. चौथा टप्पा १६:०० ला, पुन्हा अगदी जवळ.

गुण काढताना लवकर-उशीर एकमेकांतून वजा होत नाहीत. ८, ६, ७८ आणि ५ मिळून ९७ सेकंद, भागिले ३,६१५, म्हणजे २.७ टक्के चूक. कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा सगळेच गप्प झाले. आणखी दोन बोटींना त्याच टप्प्यात ७० सेकंदांच्या वर उशीर होता. चौथी बोट मात्र ४ सेकंदांत बसली होती.

घड्याळं निघण्याआधी जुळवलेली होती, तो संशय मिटला. होकायंत्राशेजारी स्टीलची बाटली किंवा लोखंडी अवजार ठेवलं की सुई फिरते, हे खरं. पण पाच अंश चुकून निम्म्या वाटेवर लक्षात आलं, तरी जास्तीची वाट जेमतेम ८ मीटर, म्हणजे ३ सेकंद. फेऱ्यांमुळे ७८ सेकंद जायचे तर काटा दीडशेहून अधिक खाली यायला हवा होता, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर जागचा हलला नव्हता. वारा नव्हताच.

उत्तर चौथ्या चालकाच्या नकाशावर होतं. तिसऱ्या टप्प्यात डोंगराची एक सोंड पाण्यात उतरते. आम्ही तिघांनी अंतर मोजलं ते उपग्रहाच्या चित्रावरून, आणि ते चित्र पावसाळा संपतानाचं, जलाशय २,१६३ फुटांच्या पूर्ण पातळीजवळ असतानाचं. तिथून पुढे पोफळीच्या वीजगृहांसाठी आणि खाली सांगलीकडच्या सिंचनासाठी पाणी जातच राहतं. मार्चपर्यंत ती सोंड उघडी पडून बरीच पुढे आली होती आणि टोकापुढे उथळात जुन्या झाडांचे बुंधे होते. उथळ दिसलं तसे आमच्या चालकाने सुकाणू वळवून लांबून वळसा घातला. ते बरोबरच केलं, पंखा बुंध्यावर आपटला असता तर पंखा दांड्याला जोडणारी पिनच तुटली असती. पण तो वळसा त्याच्या कागदावर नव्हता. चौथा चालक आदल्या संध्याकाळी एका मासेमाराला बरोबर घेऊन गेला होता. बांबूने खोली बघत त्याने नवी वाट आखली आणि तीच मोजली.

दुपारी आम्ही आमच्या वळशाच्या वाटेने परत गेलो. वळसा १८० मीटरचा निघाला, म्हणजे ७२ सेकंद. उरले ६. ही एक गोष्ट आधी मोजली असती तर आमच्या बोटीची चूक ०.७ टक्क्यांच्या आत राहिली असती. सुकाणूवर आमच्या चालकाचा हात इतका स्थिर होता, म्हणून हळहळ जास्त वाटली.

आता आमच्या छापील कागदावर सर्वांत वर त्या दिवसाची जलाशयाची पातळी लिहायची ओळ आहे. खूण म्हणून काठाचं टोक घेत नाही. किमान तीन मीटर पाण्यात दगड बांधून सोडलेला केशरी पिंप ठेवतो आणि टप्प्याचं अंतर पिंपापासून पिंपापर्यंत, आदल्या दिवशी त्याच वाटेने बोट नेऊन मोजतो.